बिडाचं (ओतीव लोखंडाचं) इनॅमल केलेलं भांडं रोजच्या रांधपाला घ्यावं का? चार हजारांच्या आत कुठलं बरं?

शीतकडी

नमस्कार मंडळी, खूप दिवस मनात घोळतंय म्हणून शेवटी इथे विचारतेच. आम्ही फोंड्याला राहतो, घरात पाच माणसं, रांधप सासूबाई आणि मी दोघी मिळून करतो. रोज दुपारी शीत (भात) आणि हुमण (माशाचा रस्सा), नाहीतर आमटी, सोमवारी गुरुवारी शिवराक (शाकाहारी), म्हणजे अळसांद्यांचं तोंडाक (कडधान्याचा रस्सा), मुगागाठी, कधी खतखतं (मिश्र भाज्यांचं), आणि रविवारी चिकन शाकुती ठरलेलीच. सध्या जे अ‍ॅल्युमिनियमचे टोप आहेत ते पोचे येऊन बुडाला इतके वाकडे झालेत की गॅसवर डुगडुगतात, ते आता काढायचेच आहेत. नॉनस्टिक मला घरात नको. साध्या बिडाची कढई आहे आणि ती सुक्या भाजीला, भजी तळायला एकदम झकास, पण आपल्याकडे सोलां (आमसुलं), चिंच, बिमलां, आमाडे यातलं काहीतरी रोज पडतंच आणि आंबट पडलं की रस्सा काळपट होतो, वर लोखंडाचा वास येतो. सासूबाई म्हणतात रंगच असा आला तर पोरं ताटाला हात लावत नाहीत, आणि ते खरंच आहे.

म्हणून हे इनॅमलवालं बीड बघतेय. ऑनलाइन अडीच हजारापासून ते पंचवीस-तीस हजाराच्या वरपर्यंत दिसतात, माझं बजेट चार हजार, फार तर थोडं वर. विचारायचं असं की एक, स्वस्तातलं घेतलं तर काही वर्षं टिकेल का. दोन, पाच माणसांना किती लिटरचं. तीन, आत पांढरं घ्यावं की काळं. आणि चौथं, सासूबाईंचं मनगट दुखतं, त्यांना हे वजन झेपेल का. शोभेला ठेवायचं नाहीये, रोज गॅसवर चढणारं हवंय. ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

ओतकाम

वहिनी, मी ओतकामाच्या धंद्यातला आहे, भांडी आम्ही करत नाही, मशीनचे पार्ट करतो, पण बीड म्हणजे काय आणि त्यावर इनॅमल कसं बसतं हे रोजच्या बघण्यातलं आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

भांडं वाळूच्या साच्यात ओततात, मग घासून स्वच्छ करतात आणि त्यावर काचेच्या पावडरीचा पातळ लेप फवारतात, वाळवून साधारण ८०० अंशांच्या आसपास भट्टीत घालतात. काच वितळून बिडाला धरते. म्हणजे इनॅमल ही रंगाची परत नाही, ती खरोखर काच आहे. खाली एक पकड धरणारा थर आणि वर दिसणारा थर, असे निदान दोन हात असतात. महाग भांड्यात पैसे जातात ते वरच्या थरांना आणि तपासणीत नापास झालेला माल बाजूला काढण्याला. बिडात कार्बन भरपूर असतो, ओतकाम सच्छिद्र राहिलं असेल तर भट्टीत त्यातून वायू सुटतो आणि काचेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. स्वस्त भांड्यात हीच गोष्ट बघायची. आतून बोट फिरवा, टॉर्च तिरका धरून बघा, भोक किंवा फोड दिसला तर लगेच परत करा, कारण रोजचं आंबट तिथूनच आत शिरतं आणि कालांतराने टवका उडतो.

टिकण्याबद्दल म्हणाल तर चार हजारातलं भांडं नीट वापरलं तर आरामात टिकतं, बीड काही झिजत नाही. प्रश्न फक्त काचेचा. आणि काच मरते ती तीन-चार गोष्टींनी: रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवणं, गरम भांड्यावर नळ सोडणं, काठावर पळी आपटणं, आणि एकात एक भांडी कोंबून ठेवणं. काठावर पळी आपटायची सवय आपल्याकडे घरोघर आहे, तेवढी एक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

जाडी जरूर बघा. लोक म्हणतात बीड उष्णता धरून ठेवतं, ते खरं आहे, पण ती धरते वजनामुळे. किलोला किलो बघितलं तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवतं. त्यामुळे पातळ, हलकं बीड घेऊन काहीच पदरात पडत नाही. आणि दुसरी गोष्ट जी विकणारे सांगत नाहीत, बीड उष्णता पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बरंच मागे आहे, चौथा-पाचवा हिस्सा समजा. छोट्या बर्नरवर मोठं भांडं ठेवून आच वाढवली की बरोबर मधे लागतं आणि कडेला कांदा कच्चा. उपाय सोपा आहे, तेल घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्यायचं, मग कांदा.

मापाचं सांगतो. २२ सेंमीचं गोल भांडं सव्वातीन लिटरच्या आसपास, २४ चं चार लिटर, २६ चं पाच-सव्वापाच. तुम्हाला रस्सा लागतो दोन-अडीच लिटर, म्हणजे २४ पुरे. पण २४ चं झाकणासकट साडेचार-पाच किलो भरतं, ५ किलोच्या तांदळाच्या पिशवीएवढं, आणि वर हुमण भरलं की सात किलो झालं. हे आधी नीट डोक्यात धरा.

तेफळ

शीतकडी बाय, माझ्याकडे दोन आहेत, एक लेकीने दिलेलं आणि एक मी स्वतः घेतलेलं साधं, ऑनलाइन सेलमधलं. माशेलला राहते, रोज नुस्तं (मासे), त्यामुळे तुझ्यासारखाच वापर.

पहिलं सांगते, आंबटाला हे भांडं अगदी हवं तसंच आहे. सोलां घाल, चिंच घाल, विनेगर घाल, रंग जसाच्या तसा. बांगड्याचं हुमण यात जसं लाल-केशरी दिसतं तसं मला फक्त मातीच्या कुंडल्यात दिसलं होतं. पण हुमण करताना एक गोष्ट शिकून घे, ती कुठल्या जाहिरातीत लिहिलेली नसते. गॅस बंद केला तरी हे भांडं उकळायचं थांबत नाही. झाकण काढून बघ, चांगली पाच-सात मिनिटं कडेने बुडबुडे येत राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाच्या सवयीने बांगडे शिजेपर्यंत गॅस चालू ठेवलास तर जेवायला बसेपर्यंत माशाचा भुगा होणार आणि नारळाचा रस फुटणार. मी काय करते, वाटण चांगलं उकळून घेते, सोलां आणि ठेचलेली तेफळं घालते, बांगडे सोडले की पुन्हा एक कढ येऊ देते आणि लगेच बंद, झाकण. बाकीचं भांडंच करतं. पातळ तुकड्यांना, लेप्यांना तर कढ येण्याआधीच बंद. इसवण (सुरमई) जाड कापलेला असेल तर एखादं मिनिट जास्त. आणि डाव फिरवायचाच नाही, दोन्ही कान फडक्याने धरून भांडं हलवायचं. ते जड असल्यामुळे इथे तुझ्या सासूबाईंच्या मनगटाचा प्रश्न येतोच, मी तर आता लाकडी कालथ्याने कडेकडेने हलकं लोटते.

दुसरं, शाकुती यात अप्रतिम होते. मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायला बसलं की खाली लागत नाही, आणि चिकन मुरतं तसं टोपात मुरत नाही. अळसांद्यांचं तोंडाक पण छान दाट येतं. खतखत्याला मात्र मला वाटतं कुठलंही भांडं चालतं.

फोडणीचं विचारलं नाहीस पण सांगते. रिकामं भांडं तापवून मग तेल ओतायचं नाही. थंड भांड्यात तेल, मध्यम आच, मोहरी तडतडायला थोडा वेळ लागतो, लागू दे. आमटीला वरून फोडणी द्यायची तर फोडणीची पळी वेगळी ठेव आणि ती भांड्याच्या काठावर टेकवू नकोस.

आत पांढरं की काळं, यावर मी ठामपणे पांढरं म्हणेन. साईच्या रंगाचं असतं ते. कांदा किती लाल झाला, मसाला जळतोय का, खाली लागतंय का, सगळं दिसतं. हळदीने पिवळं पडतं हे खरं. लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळ, लाकडी चमच्याने तळ हलकं खरवड, मग निवू दे आणि मऊ घासणीने घास. तरी हळद राहिली तर उन्हात ठेव, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पावसात ऊन नसतं तेव्हा पिवळं राहू दे, त्याने जेवणाला काही होत नाही.

मांडवीकाठ

मी जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. रोजच्या वापराला आणि तेही मनगट दुखणाऱ्या माणसाला हे भांडं देणं मला पटत नाही. हुमण, आमटी, तोंडाक हे वीस-पंचवीस मिनिटांचे पदार्थ. त्यातली दहा मिनिटं बीड तापण्यात जाणार, सिलिंडरही जास्त जाणार. जाड बुडाचं स्टील, ज्याला आता ट्रायप्लाय म्हणतात, म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांमधे अ‍ॅल्युमिनियमचा थर, ते चार हजारात चांगलं तीन-चार लिटरचं येतं. आंबटाला काही होत नाही, वजन निम्म्याहून कमी, हातातून पडलं तर पोचा येईल पण फुटणार नाही, तारेच्या घासणीने घासा, नळाखाली धरा, काय वाटेल ते करा. आणि माशाच्या हुमणाला मातीचं कुंडलं कोणीच हरवू शकत नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आजही मिळतं, डिचोलीकडची कुंभारकला अजून जिवंत आहे. त्या पैशात दोन कुंडली, एक ट्रायप्लाय, आणि वर नुस्त्याला पैसे उरतील.

बिडाचं इनॅमल चांगलंच आहे, पण ते मंद आणि लांब शिजणाऱ्या गोष्टींसाठी. मटण, शाकुती, सोरपोतेल, पाया. तुमच्याकडे हे आठवड्यातून एकदा होतं.

तेफळ

मांडवीकाठ भाऊ, कुंडल्याला माझा पण हात जोडून नमस्कार, माझ्याकडे आजही आहे. पण कुंडलं इंडक्शनवर चालत नाही, गॅसवर ठेवलं तर सांभाळून, आणि नोकरी करणाऱ्या सुनेने रोज ते सांभाळायचं म्हणजे जास्तच. बाकी ट्रायप्लायचा मुद्दा मला मान्य आहे. फक्त एक, मसाला परतताना स्टीलला चिकटतो तसा या काचेला कमी चिकटतो आणि चिकटला तरी भिजवून ठेवलं की सुटतो. गॅस जास्त जातो म्हणता, तर सुरुवातीला जातो, पण एकदा तापलं की आच अगदी बारीक करावी लागते. कडधान्यात आणि चिकनमधे तो हिशोब बरोबरीत येतो असा माझा अनुभव.

उंडो_पोळी

मी घरी पाव करतो म्हणून या भांड्यात पडलो. पणजीत आहे. ब्रँडची थोडी माहिती देतो, कारण ऑनलाइन बघताना नावांचा गोंधळ उडतो.

जे तीस हजारवालं फ्रेंच भांडं दिसतं ते ल क्रूझे, १९२५ साली उत्तर फ्रान्समधल्या एका गावात सुरू झालेली कंपनी, दोघांनी काढलेली, एक ओतकामातला आणि दुसरा इनॅमलमधला. त्यांचं आत साईच्या रंगाचं असतं. दुसरं फ्रेंच नाव स्टाउब, ते १९७४ चं, त्यांचं आत काळं आणि जरा खरखरीत, झाकणाला आतून टोकं असतात त्यामुळे वाफेचं पाणी परत जेवणावर पडतं. अमेरिकेची लॉज कंपनी १८९६ पासून साधं बीड ओतते, पण त्यांची परवडणारी इनॅमलची भांडी बरीच वर्षं चीनमधेच बनत आलीत. म्हणून चीनमधे बनलं म्हणजे टाकाऊ असं डोळे झाकून म्हणता येत नाही. आपल्याकडे साध्या बिडाचे तवे-कढया विकणाऱ्या कंपन्यांनीही आता इनॅमलची भांडी आणलीत, वहिनींच्या बजेटमधे तीच येतील. फ्रेंच भांड्याची किंमत तुम्ही देता ती चकचकीत फिनिशला, हलक्या ओतकामाला आणि लांबच्या गॅरंटीला. हुमणाच्या चवीत फरक पडत नाही, मी दोन्हीत जेवलोय.

ऑनलाइन बघताना झाकणाची मूठ बघा. काळी, प्लॅस्टिकसारखी असेल तर ती साधारण २०० अंशांपर्यंतच चालते, स्टीलची असेल तर ओव्हनमधे बिनधास्त. पाव भाजायचा असेल तर हे महत्त्वाचं, मी २३० वर भाजतो. आता कोणी म्हणेल गोव्यात घरोघर पोदेर (पाववाला) येतो, पाव कशाला भाजायचा, पण जिथे पोदेराची सायकल यायची बंद झालीये तिथे राहणाऱ्याला विचारा. झाकण बंद करून पहिली वीस-पंचवीस मिनिटं भाजलं की वाफ आत राहते, पाव छान फुलतो आणि वरून कडक होतो, लाकडाच्या भट्टीतल्या उंड्याची सर येत नाही पण जवळ जातो.

कानांमधे फडकं धरून चार बोटं जातात का हेही बघा. स्वस्त भांड्यात कान एवढेसे असतात आणि भरलेलं भांडं उतरवताना जीव वर येतो.

नवी_आई_डिचोली

मधेच विचारते, या रंगांमधे शिसं, कॅडमियम असतं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. लहान मूल आहे घरात. आणि दुसरं, बिडातून लोह मिळतं म्हणतात ते यातून मिळतं का? डॉक्टरांनी मला हिमोग्लोबिन कमी सांगितलंय.

ओतकाम

आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण ते सोपं आहे. यातून लोह मिळत नाही. जेवण आणि बीड यांच्यामधे काच आहे. कोणी विकताना "लोह मिळेल" म्हणून इनॅमलचं भांडं गळ्यात मारत असेल तर ते चूक. लोहासाठी साध्या बिडाची कढई वापरा, आंबट शिजवलं की त्यातून लोह जास्त उतरतं, शीतकडी वहिनींचा रस्सा काळा पडतो तो त्यामुळेच, बिडातलं लोखंड आणि सोलां-चिंचेतली रंगद्रव्यं एकत्र आली की. पण तरी हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांची गोळी चुकवू नका.

आता शिसं आणि कॅडमियम. भडक लाल, केशरी, पिवळा रंग आणायला कॅडमियमचे रंग वापरायची रीत इनॅमलमधे जुनी आहे. ते काचेत बंद असतात, आणि बहुतेक भांड्यांत असले रंग बाहेरच्या बाजूला असतात, जेवणाला लागणारी आतली बाजू साई किंवा काळी. तरी मूल घरात आहे आणि भांडं अनोळखी कंपनीचं आहे तर मी स्वतः बाहेरून निळं, करडं किंवा काळं घेईन आणि आत भडक रंग असलेलं भांडं घेणारच नाही. पॅकिंगवर किंवा वेबसाइटवर अन्नासाठी सुरक्षित म्हणून शिसं-कॅडमियमच्या चाचणीचा उल्लेख आहे का बघा, नसेल तर कंपनीला मेल करून रिपोर्ट मागा. चांगली कंपनी पाठवते.

आणि शीतकडी वहिनी, तुमच्यासाठी एक घरगुती चाचणी देतो. इनॅमल आंबटाला टिकणारं आहे का हे बघायची कारखान्यातली पद्धत अशी आहे, १० टक्के सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याचे थेंब पृष्ठभागावर टाकून १५ मिनिटं ठेवायचे, धुऊन कोरडं करायचं आणि चमक गेली का बघायचं. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, एक सपाट चमचा लिंबूफूल आणि दहा चमचे पाणी. भांडं आल्या आल्या, परत करायची मुदत आहे तोवर, झाकणाच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात करा. १५ मिनिटांनी धुऊन पुसून त्या जागेवर शिसपेन्सिलीची एक रेघ ओढा. कोरड्या फडक्याने रेघ पूर्ण निघाली तर काच शाबूत आहे. कोरड्याने निघत नाही, ओल्यानेच निघते, किंवा ओल्यानेही डाग राहतो, तर आम्लाने काच खरखरीत झाली. असं भांडं सोलांना रोज घालण्यासारखं नाही. ही चाचणी चकचकीत इनॅमललाच लागू पडते, काळ्या मॅटला नाही, कारण ते मुळातच खरखरीत असतं.

मांडवीकाठ

ओतकाम, ही पेन्सिलीची चाचणी लाखमोलाची आहे, माझ्या स्टीलला लागत नाही पण बहिणीला पाठवतो.

म्हापशेकार

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत साधं बीड दोन दिवस न वापरता ठेवलं तरी तांबूस होतं, त्या हिशोबाने इनॅमल म्हणजे सुख. पण एक जागा राहते. भांड्याच्या काठाला आणि झाकणाच्या कडेला, जिथे दोन्ही एकमेकांवर टेकतात, तिथे कित्येक भांड्यांवर पूर्ण इनॅमल नसतं, बारीक करड्या रंगाची उघडी पट्टी असते. धुऊन तसंच झाकण घालून ओट्यावर ठेवलं की सकाळी त्या पट्टीवर तपकिरी गोल उमटलेला दिसतो आणि पांढऱ्या फडक्याला लागतो. धुतलं की लगेच पुसायचं, त्या पट्टीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, आणि झाकण कधीच घट्ट लावून ठेवायचं नाही, मधे फडक्याची घडी ठेवायची. नाहीतर आत दमट वास धरतो, मग पहिल्या आमटीला तो वास.

उरलेलं हुमण दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच भांड्यात ठेवायचं का हेही सांगतो. ठेवता येतं, पण मी ठेवत नाही. फ्रिजमधून काढलेलं गार भांडं थेट गॅसवर चढवणं काचेला बरं नाही आणि पाच किलो फ्रिजच्या कप्प्यालाही जड.

शीतकडी

अरे देवा किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. मांडवीकाठ दादांचं ऐकून त्या म्हणाल्या बघ मी सांगत नव्हते का, आणि तेफळ ताईंचं ऐकून म्हणाल्या की बांगड्याचं तसं होत असेल तर मला हवं. तर आता दोघींचं असं ठरतंय की आमटी-तोंडाकाला ट्रायप्लायचा एक टोप घ्यायचा, तो त्या हाताळतील, आणि इनॅमलचं बीड हुमण आणि शाकुतीसाठी, ते मी उतरवीन. सोमवार-गुरुवार सोडले तर रोज नुस्तं असतंच त्यामुळे ते काही फडताळात बसून राहणार नाही. पैसे थोडे वर जातील, चालेल.

मग आता प्रश्न बदलला. फक्त हुमण आणि शाकुतीला घ्यायचं तर खोल घ्यावं की ते पसरट, कमी उंचीचं मिळतं ते? आणि आमच्याकडे दोन बर्नरचा गॅस आणि एक इंडक्शन आहे, सिलिंडर संपला की इंडक्शन.

तेफळ

पसरट घे बाय, डोळे झाकून. २६ नाहीतर २८ चं. बांगडे एका थरात आडवे बसतात, एकावर एक चढत नाहीत, त्यामुळे हलवावं लागत नाही आणि वाढताना तुकडा अख्खा निघतो. शाकुतीचा मसाला परतायला पण जागा मिळते. पाच माणसांचं हुमण त्यात बरोबर मावतं. खोल भांडं सुपाला, उसळीला, त्यासाठी तू ट्रायप्लाय घेतेच आहेस. फक्त सोलकढी-बिढी त्यात उगाच ठेवू नकोस, तिला काचेचं भांडंच बरं. आणि मसाला वाटून झाला की मिक्सरच्या भांड्यातलं वाटणाचं पाणी एकदम गार ओतू नकोस, जरा कोमट करून घाल. मी आधी कढत पाण्याने मिक्सर विसळून तेच घालते, वाटण वाया जात नाही आणि भांड्यालाही धक्का नाही.

उंडो_पोळी

पसरटला माझाही होकार. इंडक्शनवर चालतं, बीड चुंबकाला धरतं. पण बुडाचं सपाट क्षेत्र बघा, काही पसरट भांड्यांचं तोंड २८ चं असतं आणि बूड २० चंच. इंडक्शनवर एकदम मोठ्या आकड्यावर टाकू नका, खालून पहिल्या-दुसऱ्या नंबरवर पाच मिनिटं, मग वाढवा. आणि काचेवर ओढत सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं, नाहीतर इंडक्शनच्या काचेला चरे.

गॅसवर मोठ्या बर्नरवरच ठेवा. लहान बर्नरवर २८ चं भांडं ठेवलंत तर ओतकाम यांनी सांगितलं तेच होईल, मधे लागणार.

ओतकाम

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा, आणि उघडताना घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. हे भांडं आपल्या वजनानेच मरतं. वाटेत खोका एकदा कोपऱ्यावर पडला की कानाखाली किंवा काठाला टवका उडतो, आणि तो फोमच्या पॅकिंगमधे लपलेला असतो. पॅकिंगच्या तळाशी रंगीत काचेचे कण दिसतात का तेही झटकून बघा. बाहेरून बुडाच्या कडेला बारीक टवका असेल तर वापरायला हरकत नाही, तिथे तेल लावत राहायचं. आतल्या बाजूला टवका असेल, कितीही बारीक, तर ठेवून घेऊ नका, कारण त्याच्या कडेची काच पुढे सुटत जाते आणि ती जेवणात येते. दुकानदार म्हणेल थोडं कमी करून देतो, तरी नको.

साध्या बिडासारखं तेल लावून भाजायची वगैरे गरज नाही. कोमट पाणी, साबण, मऊ घासणी, कोरडं करा आणि पहिल्या दिवशी काहीतरी तेलकट, मंद आचेचं करा. शाकुतीपासूनच सुरुवात करा.

शीतकडी

२८ चं पसरट, आत साई, बाहेरून गडद निळं, स्टीलची मूठ, असं एक मिळालंय, चार हजार दोनशेला. कानांचा फोटो मोठा करून बघितला, फडकं धरून चार बोटं जातील असं दिसतंय. चाचणीचा रिपोर्ट मागायला कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की ऑर्डर देणार. लिंबूफूल घरात आहे. पेन्सिलीचा निकाल इथेच येऊन लिहिते.